तापाचा तक्ता आणि काळुंदर मासे

माझ्या तापाच्या तक्त्यात आठ आकडे खोटे आहेत. ते मी लिहिले आहेत.

क्षयातून उठलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. काय खाल्ले आणि औषध कोणाचे घेतले. दोन्हींची उत्तरे लहान आहेत. दूध, अंडी आणि कॉडलिव्हर तेल घेतले. औषध म्हणावे असे त्या काळी काही नव्हते. पडून राहणे हेच औषध. पडून राहिलेला माणूस मनाने काय काय करतो, हे मात्र कोणी विचारत नाही. सध्या जे पडून आहेत त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ते लिहितो आहे. गोष्ट दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची, मध्यप्रांत-वऱ्हाडातली.

अमरावती

मी अमरावतीच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. एका मंगळवारी दुपारी मध्यप्रांत सरकारच्या नोटिशीचे प्रूफ तपासत असताना खोकला आला आणि कागदावर लाल डाग पडला. आमच्या छापखान्यात दुरुस्त्या निळ्या पेन्सिलीने होत. त्यामुळे डाग कशाचा, याबद्दल शंका राहिली नाही. मी ते प्रूफ घडी करून खिशात घातले आणि दुसरे काढून घेतले. अंक वेळेवर गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती ऐकली, थुंकी तपासायला पाठवली आणि तीन दिवसांनी बोलावले. तीन दिवसांनी ते माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "छातीत थोडं आहे." बायको, यमुना, म्हणाली, "थोडं म्हंजे कितीक?" डॉक्टर म्हणाले, "बाई, हे थोडंसुद्धा पुष्कळ असतं."

रोगाचे नाव त्यांनी घेतले नाही. आम्हीही घेतले नाही. घरमालकांनी मात्र त्याच संध्याकाळी घेतले आणि घर सोडायला सांगितले. त्यांच्या घरात चार लेकरे होती. त्यांचे चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही.

आम्हाला एकच मुलगी, कुमुद, सहा वर्षांची. तिला दुसऱ्याच दिवशी तिच्या मामाने अचलपूरला नेले. निघताना ती माझ्या खाटेकडे आली तेव्हा यमुनेने तिला दंडाला धरून मागे ओढले. दंड दुखला म्हणून ती रडली. वडिलांपासून दूर चालली हे तिला कळले नव्हते.

नियम

अकोल्याच्या इस्पितळात वेगळ्या खोलीत मी सात आठवडे काढले. पहाटे थर्मामीटर, मग दूध, मग थुंकायचे फिनेलचे भांडे बदलणे, मग डॉक्टरांची फेरी, संध्याकाळी पाचला पुन्हा थर्मामीटर. आम्ही सहाजण होतो. कोणाचा खोकला कसा आहे हे भिंतीकडे तोंड करूनही ओळखता येई. एक खोकला बंद झाला की कोणी विचारत नसे. थर्मामीटर वाचायला मी तिथेच शिकलो.

तिथून सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. हवा चिखलदऱ्याची मिळाली तर उत्तम. ते आम्हाला जमण्यासारखे नव्हते. गावाबाहेर मोकळे घर हवे. खाटेवरून उठायचे ते फक्त देहधर्मासाठी. ओझे उचलायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. भांडी वेगळी. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून तक्त्यावर लिहायचा. आणि शेवटी, यमुनेने दोनदा विचारल्यावर:

"सलग तीन महिने रक्त नाही, ताप नव्व्याण्णवच्या वर नाही, तर मुलीला घरात आणा. मधे एकदा जरी रक्त आलं, तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं."

यमुनेच्या मामांचे अकोल्याच्या कडेला एक घर रिकामे होते. मागे अंगण, अंगणात विहीर. आम्ही तिथे गेलो. तक्ता माझ्याकडे आला, कारण थर्मामीटरवरचे आकडे इंग्रजी होते आणि यमुनेला फक्त मराठी आकडे येत.

पाण्याची पेटी

दुसऱ्या महिन्यात माझा धीर सुटू लागला. रक्त नव्हते, ताप नव्हता, आणि म्हणूनच पडून राहणे अशक्य झाले होते. मी उठून दारापर्यंत जाई. एकदा अंगणापर्यंत गेलो. यमुना रडली नाही, ओरडली नाही. तिने माझे जोडे नेऊन कुठेतरी ठेवून दिले.

अकोला स्टेशनावरचे पार्सल क्लार्क पेडणेकर माझ्या ओळखीचे होते. आमच्या अंकांचे गठ्ठे त्यांच्या हातून जात. मूळ मालवणकडचे. खोलीच्या आत न येता ओसरीवरून, खिडकीतून बोलत. त्यांनीच सुचवले.

"आमच्या घराकडे परसात दगडी डोण आहे. वडील तीत काळुंदर ठेवतात. खाडीतला मासा. चपटा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. जोडीनं राहतो आणि पिल्लांवर नवरा-बायको दोघंही पहारा करतात. तासन् तास बघत बसावं. तुम्हांला आणून देतो. पडून बघा."

डॉक्टर दर रविवारी येत. त्यांना विचारले. ते म्हणाले, "ज्याच्यामुळे तुम्ही पडून राहाल ते काहीही ठेवा. साप सोडून."

पेटी बनवली हबीबमियाँनी. ते कंदील आणि तसबिरींच्या चौकटी करीत. यमुनेने त्यांना ओसरीवर बोलावून आणले तेव्हा ते खिडकीतून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"आजपावतर मी कंदील बनवले, बाबूजी. त्यात हवा रोकतो. पानी रोकाचं काम पयलंच हाये."

"जमेल ना?"

"जमते कावून नाही? पन मले एक सांगा. दुनिया बीमार मानसाले मच्छी खिलवते. तुमी बीमार असून मच्छीले खिलवून राहिले. हे कोन्या डाक्तरनं सांगतलं?"

यमुना आतून हसली. ते हसणे मी दोन महिन्यांत प्रथम ऐकले.

ज्यांना असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी थोडे लिहितो. पेटी दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. तळाला फरशीचा तुकडा, चारी कडांना पत्र्याची चौकट, त्यात काचा. सांधे लांबीने भरायचे. लांबी खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली. हबीबमियाँनी पेटी आठ दिवस रोज भरली आणि रोज ओतली, कारण नव्या लांबीचा कडूपणा पाण्यात उतरतो. मोर्णा नदीची वाळू गढूळपणा जाईपर्यंत धुऊन तळाला घातली. फुटक्या माठाची दोन खापरे पालथी ठेवली, म्हणजे माशांना आडोसा होतो. रोज थोडे पाणी काढून तेवढेच नवे घालायचे. पाणी सगळे एकदम बदलायचे नाही. खायला शिजवलेल्या पालकाचा चुरा आणि भाताची शिते. काचेवर शेवाळ धरू लागले की ते मासे स्वतःच खरवडून खातात.

पेटी ठेवली ती खोली आणि ओसरी यांच्यामधल्या खिडकीत. भिंत जाड होती, त्यामुळे खिडकीच्या तळाशी दीड हात रुंद जागा होती. ही जागा मी निवडली. कुमुद आली की तिला ओसरीवर थांबावे लागणार होते. काचेच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, मधे मासे. डॉक्टर एवढेच म्हणाले, "ही खिडकी बुजवलीत, तर दुसरी रात्रंदिवस उघडी ठेवायची."

पाहुणे

पेडणेकर गावाहून परत आले तेव्हा तीन महिने पुरे व्हायला चौदा दिवस उरले होते. त्यांनी घासलेटच्या डब्यातून, झाकणाला भोके पाडून, आठ मासे आणले होते. बोटीतून मुंबई, तिथून गाडीने. पाच जिवंत पोचले. बोटाएवढे लांब, करडे-हिरवे, अंगावर उभे पट्टे आणि पांढरे ठिपके.

"पाणी कोणतं घालायचं?" मी विचारले.

"तुमचं रोजच्या वापरातलं चालेल," ते म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेले.

अकोल्याच्या घरात त्या वेळी दोन पाणी असत. एक वापरायचे आणि एक प्यायचे. वापरायचे अंगणातल्या विहिरीचे, खारे. त्यात डाळ शिजत नाही, चहातले दूध फाटते, साबणाला फेस येत नाही. प्यायचे गोडे पाणी यमुना पाऊण मैलावरच्या विहिरीवरून रोज दोन घागरी आणी. पेडणेकर "वापरातलं" म्हणाले होते आणि आम्ही दोघांनी ते ऐकले होते.

यमुना गोड्या पाण्याची घागर घेऊन आली.

मी म्हणालो, "ते वापरातलं म्हणाले."

"त्याइनं म्हटलं, आन् आपन आयकाचं? पाहुणे हायेत ते. एवढ्या दुरून आले. दारी आलेल्याले कोनी खारं पानी देते काय?"

मला ते पटले. आमच्याकडे वैऱ्यालाही खारे पाणी देत नाहीत. कोणाच्या घरी खारे पाणी पुढे आले तर ती गोष्ट पुढे लग्नात-बारशात निघते. मी त्या भागात वाढलेला माणूस. मलाही माशांचा पाहुणचार तसाच सुचला. पाच दिवस यमुनेने दोन घागरींच्या जागी चार घागरी आणल्या.

पाचव्या दिवशी एका माशाच्या पंखावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. दुपारपर्यंत तिघांच्या अंगावर होता. ते वर येऊन तोंड उघडत होते.

नऊ दिवस उरले

तीन महिन्यांना नऊ दिवस उरले होते. त्याच दुपारी पेडणेकर ड्यूटीवर जाता जाता ओसरीवर आले. त्यांनी पेटीत बोट बुडवून जिभेला लावले आणि एकदम आपल्या बोलीत गेले.

"अरे देवा! ह्या पाणी गोडा कित्याक? खाडीचो मासो तो! ह्यांका खारा होया!"

"तुम्ही वापरातलं म्हणालात."

"मगे? तुमचा वापरातला खाराच मां! पाय धुतंय ना मी थंयसर, तुमच्या विहिरीर." ते भानावर येऊन म्हणाले, "अर्धं काढा आणि विहिरीचं अर्धं घाला. हळूहळू. पण आज घाला." त्यांच्या गाडीची वेळ झाली होती.

यमुना बाजारात गेली होती. तिला यायला तास-दीड तास होता. एक मासा आडवा झाला.

पुढचे मी जसे घडले तसे लिहितो. मी उठलो. अनवाणी अंगणात गेलो. विहिरीवर दोर आणि बादली होती. एक बादली ओढली, खोलीपर्यंत नेली. पेटीतले पाणी तपेलीने काढून ओसरीवर ओतले. खारे पाणी घातले. मग दुसरी बादली. तेव्हा मला फार बरे वाटत होते, हे लिहायला हवे. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा काही काम केले होते.

खाटेवर बसलो तेव्हा घशाशी ऊन, खारट चव आली. फिनेलच्या भांड्यात अर्धा चमचा रक्त होते.

मी भांडे अंगणात नेऊन रिकामे केले, फिनेल टाकून पुन्हा भरले आणि जागेवर ठेवले. यमुना आली तेव्हा मी पांघरूण घेऊन पडलो होतो.

"ओसरीवर पानी कोनं सांडलं?"

"हबीबमियाँ आले होते. पेडणेकर सांगून गेले की खारं पाणी हवं. त्यांनी काढून दिलं."

पाचला मी थर्मामीटर तोंडात धरला. एकशे एक आणि वर एक रेघ.

"कितीक?" यमुनेने विचारले.

"नेहमीचाच," मी म्हणालो आणि तक्त्यावर लिहिले, ९८.६.

वर्तमानपत्रात मी अकरा वर्षे काम केले होते. बातमीतला एक आकडा चुकला म्हणून मी एका बातमीदाराला सर्वांसमोर बोललो होतो. तरी तो आकडा लिहिताना माझा हात थांबला नाही. मनात हिशेब एवढाच होता: खरे लिहिले तर कुमुद आणखी तीन महिने येणार नाही.

हबीबमियाँ

दुसऱ्या दिवशी दोन मासे मेले. तीन जगले, चौथ्या दिवसापासून त्यांच्या अंगावरचा कापूस गळू लागला. मला सकाळी ताप नसे, संध्याकाळी मात्र तो शंभराच्या वर राहिला. मी रोज खाली लिहीत गेलो. आकडा तोच तोच दिसू नये म्हणून कधी ९८.४, कधी ९८.८.

तिसऱ्या दिवशी हबीबमियाँ सांध्याची गळती बघायला आले. यमुनेने त्यांना ओसरीवर बसायला पाट दिला.

"चाचा, तुमी त्या दिवशी इहिरीचं पानी काढून देल्लं, लय चांगलं केलं. नाही तं हे उठले असते."

हबीबमियाँनी काचेतून माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. यमुना उत्तराची वाट बघत होती.

"अरे, त्यात काय एवढं, बेटी," ते म्हणाले.

ती चहा करायला आत गेली. हबीबमियाँ सांध्यावर बोटाने लांबी दाबत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "झूठ बोललो मी. तुमच्यापायी. मले कावून बोलायले लावलं?"

मी पांघरूण छातीवर ओढून घेतले.

"रगत पडलं?"

"थोडं."

"माह्या मोठ्या भावाले होता हा रोग. तो बी थोडंच म्हने." त्यांनी हात फडक्याला पुसले. "लेकरू येऊन राहिलं न घरात? मग तुमी सांगा. मी सांगनार नाही. हे तुमचं घर हाये."

चहा न घेता ते गेले. यमुना बाहेर आली तेव्हा पाट रिकामा होता. "रुसले काय चाचा?" तिने विचारले. मी म्हणालो, घाई होती.

रविवारी डॉक्टर आले. पाच मिनिटे छाती ऐकली, मग तक्ता हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "उत्तम. असा तक्ता मी फार थोड्यांचा बघतो." यमुनेकडे वळून म्हणाले, "घेऊन या मुलीला. उंबऱ्याच्या आत फार नको. भांडी वेगळीच ठेवा."

मी खरे सांगू शकलो असतो. डॉक्टर दारातून टांग्यापर्यंत जाईपर्यंत मला तेवढा वेळ होता.

तांब्या

आठव्या संध्याकाळी शंभराला एक रेघ कमी होती. नवव्या दिवशी पहाटे यमुना अचलपूरला निघाली; मूर्तिजापूरला गाडी बदलून अचलपूरच्या छोट्या गाडीत बसायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. शेजारच्या बाई दोन वेळा जेवण ठेवून गेल्या. त्या संध्याकाळी ताप खरोखरच अठ्ठ्याण्णव सहा होता. मी तीनदा मोजला. तक्त्यावर आठ दिवसांनी पहिला खरा आकडा लिहिला आणि स्वतःला सांगितले की आता सगळे जुळले. जे खोटे होते ते खरे झाले. सांगण्यासारखे काही उरलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा आला. यमुना बोचके उतरवत होती. ऊन कडक होते. कुमुद ओसरीवर माशांजवळ थांबेल असे मी धरून चाललो होतो. तिने मासे पाहिलेच नाहीत. ती सरळ आत आली. उंच झाली होती, पुढचा दात पडला होता. माझ्याकडे बघून ती लाजली, आणि काय करावे हे न सुचून खाटेजवळच्या तिवईवरचा तांब्या उचलला. "तहान लागली, बाबा," ती म्हणाली आणि तांब्या तोंडाला लावू लागली.

तो माझा तांब्या होता.

"ठेव खाली!"

तीन महिन्यांत मी एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो. तांब्या तिच्या हातातून पडला. पाणी तिच्या पायांवर, फरशीवर गेले. ती जागच्या जागी उभी राहिली. मला खोकला सुटला आणि खोकताना मी हाताने तिला बाहेर जा, बाहेर जा, असे सांगत राहिलो.

यमुना दारात आली.

"तिनं पेलं काय?"

"नाही. ओठाला लागायच्या आत पडला. तिला बाहेर ने. यमुना, मला रक्त आलं होतं. नऊ दिवस झाले. ताप होता. तक्त्यात आहे ते खोटं आहे."

ती कुमुदला घेऊन अंगणात गेली. तिचे हात, तोंड, पाय साबणाने धुतले; साबणाला फेस येईना म्हणून पुन्हा पुन्हा घासले. कुमुद रडत होती. मग यमुना एकटी परत आली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली.

"कितीक दिवस खोटं लिवलं?"

"आठ."

"आन् पानी?"

"मीच काढलं."

"चाचा बी खोटं बोलले?"

"माझ्यासाठी."

तिने तक्त्याकडे पाहिले. तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता.

"रोज संध्याकाळी मी तुमाले पुसलं, कितीक. तुमी सांगतलं, मी मानलं. मले नळीवरले आकडे येत नाहीत, हे तुमाले मालूम होतं. दुसरं कोनी असतं तं मी दहा जनाले दाखवलं असतं. तुमी लिवलं, म्हून मी कोनाले पुसलं नाही."



पुन्हा पहिल्यापासून

कुमुदला त्या दिवशी पेडणेकरांच्या घरी ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनेने तिला ओसरीवर आणले, खिडकीपासून दोन हातांवर बसवले. या बाजूला मी पडून होतो. कुमुद बराच वेळ तिघा माशांकडे बघत राहिली.

"यायलेबी डाक्तरनं आतच ठेवलं काय, बाबा?"

मी म्हणालो, हो.

"मग याइचं कोन आनते खायले?"

"तुझी आई."

संध्याकाळच्या गाडीने यमुना तिला पुन्हा अचलपूरला घेऊन गेली.

डॉक्टर रविवारची वाट न बघता आले. रक्त किती, ताप किती, कोणत्या दिवशी, सगळे विचारून घेतले. आवाज चढवला नाही. "मी तुमची छाती ऐकतो ती आठवड्यातून पाच मिनिटं. उरलेला आठवडा मी या कागदावरून ऐकतो. तुम्ही मला बहिरं केलंत." छातीत उजवीकडे, जिथे आवाज स्वच्छ झाला होता, तिथे पुन्हा खरखर होती. त्यांनी आठ आकड्यांवर काट मारली, बाजूला सही केली आणि मोजणी शेवटच्या तापापासून पुन्हा लावली. तीन महिने.

ज्यांच्या घरात असा तक्ता टांगला आहे त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. थर्मामीटर रोग्याच्या हाती देऊ नका. रोगी वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. त्याला काहीतरी फार हवे असते, आणि ते आकड्याच्या पलीकडेच असते.

आमच्या घरी हे यमुनेला कोणी सांगावे लागले नाही. त्या दिवसापासून थर्मामीटर तिने स्वतःकडे घेतला. पहिले काही दिवस ती माझ्या तोंडातून काढलेली नळी फडक्यात गुंडाळून, पारा न हलवता, चालत स्टेशनावर पेडणेकरांकडे नेई आणि त्यांच्याकडून वाचून घेई. पार्सल ऑफिसातले लोक हसत. पेडणेकरांनी मग पार्सलाच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर एक ते नऊ आणि शून्य असे इंग्रजी आकडे, खाली मराठी, लिहून दिले. ती चिठ्ठी तिने चुलीजवळच्या भिंतीला चिकटवली. आठ-दहा दिवसांत तिला आकडे येऊ लागले. तक्ता तिने माझ्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात नेला.

मी विचारले, "किती आहे?"

ती म्हणाली, "लिवला हाय."

त्यानंतर मी विचारले नाही. मी पडून राहिलो. खरेच पडून राहिलो. मासे, छत, दुसऱ्या खिडकीतले आभाळ. हबीबमियाँ येऊन बसत. त्या तीन महिन्यांत माझा ताप किती होता हे मला माहीत नव्हते. तिच्या चेहऱ्यावरून काढायचा प्रयत्न केला, पण ती थर्मामीटर उजेडाला धरून वाचताना माझ्याकडे पाठ करी. काही संध्याकाळी तिला वाचायला फार वेळ लागे. काही वेळा ती पुन्हा मोजी. तेव्हा माझ्या हातापायांना घाम सुटे, आणि तो घाम भीतीचा की तापाचा हे सांगणारे कोणी नव्हते. ती आत जाई, पेन्सिलीचा आवाज येई, मग भांड्यांचा.

दिवस मी मनाने मोजत होतो. शेवटच्या संध्याकाळी तिने नळी माझ्या तोंडातून काढली, दाराशी नेऊन पाहिली.  ती आत गेली, लिहिले, बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मी जागा झालो तेव्हा ती ओसरीवर उभी राहून टांगेवाल्याला हाक मारत होती. "स्टेशनावर चाल. अचलपूरले जाचं, मूर्तिजापूरची गाडी धराची हाये."